हॅमवरचा गोड ग्लेझ घसरून ट्रेमध्ये का जातो?

ईस्टरच्या रविवारी दुपारी ओव्हनचं दार उघडायचं आणि आत काय, तर हॅम, म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी, वरून फिका, सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा, आणि त्याच्याखाली ट्रेमध्ये काळा चकचकीत थर, कडेनं धूर सोडणारा. माझ्याकडे हे सलग चार वर्षं झालं. दर वर्षी मी ग्लेझची, म्हणजे वरून लावायच्या गोड, चकचकीत पाकाची, कृती बदलली. एकदा मध घातला, एकदा मेपल सिरप, एकदा अननसाचा रस, एकदा तर साखरच दुप्पट केली. व्हायचं तेच झालं. पाचव्या वर्षी मी कृतीचा कागद बाजूला ठेवून हॅमकडे नीट पाहिलं, तेव्हा कळलं की साखरेचं प्रमाण कुठेच चुकलेलं नव्हतं. सगळा घोळ पाण्याचा होता. हॅमच्या अंगावरचं पाणी आणि पाकातलं पाणी.

माझं सासर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं. ईस्टरला हॅम असतोच. पूर्वी इकडे हिवाळ्याच्या तोंडावर डुकरं मारत, मांस मिठात मुरवून थंडीभर ठेवत आणि वसंतात, ईस्टरच्या सुमारास, ते खाण्याजोगं होई. घरोघरी फ्रीज आले तरी रिवाज टिकला. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी हॅमचं काम माझ्यावर सोपवलं, आणि ते त्यांच्यासारखं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. परदेशात राहणारं कुणी, किंवा भारतात नाताळात घरी हॅम भाजणारं कुणी, याच जागी अडलं असेल तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पाकीट वाचा

अमेरिकेतल्या दुकानात मिळणारा बहुतेक हॅम मिठाच्या पाण्यात मुरवलेला, धुरावलेला आणि पूर्ण शिजलेला असतो. आपण तो फक्त गरम करतो आणि वरून ग्लेझ चढवतो. पण पाकिटावर नुसतं ‘हॅम’ लिहिलंय, ‘हॅम विथ नॅचरल ज्यूसेस’ लिहिलंय, ‘हॅम, वॉटर ॲडेड’ लिहिलंय की ‘हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट’, हे बघा. या क्रमानं आतलं पाणी वाढत जातं. शेवटच्या प्रकारात तर बाहेरून घातलेल्या पाण्याचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं. स्वस्तातला हॅम गरम व्हायला लागला की हे पाणी पाझरतं आणि ग्लेझच्या खालून वाहतं. भिजलेल्या भिंतीवर रंग मारल्यासारखं होतं ते. परवडत असेल तर हाडासकटचा, ‘नॅचरल ज्यूसेस’वाला हॅम घ्या. पाणीवालाच मिळाला तर खालच्या पायऱ्या दुप्पट काळजीनं करा, तरी जमतं.

व्हर्जिनियाकडचा ‘कंट्री हॅम’ ही वेगळीच गोष्ट आहे. तो कोरड्या मिठात मुरवलेला असतो, फार खारट असतो आणि आधी पाण्यात भिजत ठेवावा लागतो. हे लिखाण त्याच्यासाठी नाही.

घसरण्याचं पहिलं कारण: अंग ओलं

हॅम गरम करताना आपण त्यावर फॉइल झाकतो, नाहीतर तो कोरडा पडतो. ते बरोबरच आहे. पण फॉइलखाली वाफ कोंडते. दोन तासांनी फॉइल काढलं की चरबीच्या थरावर घामासारखे थेंब उभे असतात. मी चारही वर्षं नेमक्या त्याच क्षणी ब्रश बुडवून ग्लेझ लावत होते. सगळे जेवायला थांबलेले, मला घाई. साखर पाण्यात विरघळते हे शाळेपासून माहीत असलेलं, तरी त्या थेंबांवर साखरेचा पाक ओतून तो टिकेल अशी अपेक्षा करत होते.

आता मी काय करते ते सांगते. आतलं तापमान १२० फॅरनहाइट, म्हणजे ४९ सेल्सिअसच्या आसपास आलं की हॅम बाहेर काढते. फॉइल काढून टाकते. ट्रेमध्ये जमलेला रस एका भांड्यात काढून घेते, तो फेकत नाही. मग किचन टॉवेलचे कागद घेऊन हॅमचं सगळं अंग टिपते, चोळून नाही, दाबून. पहिला कागद पूर्ण भिजतो, दुसरा अर्धा, तिसऱ्यावर नुसता तेलकट डाग उमटतो. तिसऱ्या कागदावर पाणी नाही, फक्त चरबी दिसली की समजायचं अंग कोरडं झालं. चरबीच्या थरावर चौकटीच्या रेघा पाडलेल्या असतात, त्या खाचांत पाणी लपतं, म्हणून कागदाची घडी करून कडेनं तीही टिपायची. एवढं झालं की ओव्हन ४०० फॅरनहाइटवर, म्हणजे २०० सेल्सिअसच्या जरा वर, चढवते आणि हॅम न झाकता, काहीही न लावता दहा मिनिटं आत ठेवते. बाहेर येतो तेव्हा पृष्ठभाग किंचित चिकट, सुकत आलेला लागतो. बोट लावलं तर चिकटतं, घसरत नाही. ग्लेझ धरणारी जागा ती.

ही दहा मिनिटं मला कुठल्याही कृतीत सापडली नव्हती, आणि माझी निम्मी अडचण त्यांनीच सोडवली.

खाचांबद्दल एक. रेघा साधारण इंचभर अंतरावर आणि पाव इंच खोल हव्यात. चरबीपुरत्या, मांसात शिरतील इतक्या नाहीत. मांस चिरलं की तिथून रस बाहेर येतो आणि आपण टिपलेलं सगळं पुन्हा ओलं. चरबीवर जाड कातडी असेल तर ती आधी काढायलाच हवी, कारण कातडीवर ग्लेझ बसत नाही आणि बसला तरी ती कुणी खात नाही. थंड हॅमची कातडी सुटता सुटत नाही. तासभर गरम झाल्यावर सुरीचं टोक सरकवून बोटांनी ओढली तर सबंध निघते. खाली पाव इंच चरबी राहू द्या. तीही सगळी खरवडून काढलीत तर ग्लेझला धरायला काही उरत नाही.

घसरण्याचं दुसरं कारण: पाक कच्चा

हे मला आईनं सांगितलं. माझी आई साताऱ्याला असते, तिनं हॅम कधी पाहिलेलासुद्धा नाही. फोनवर मी रडवेली होऊन सगळं सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, “अगं, पण पाक तार धरत होता का?”

मी तार बघितलीच नव्हती. पाकातल्या पुऱ्या करताना जी मी दोन बोटांत पाक धरून बघितल्याशिवाय गॅस बंद करत नाही, तीच मी इथे कागदावर ‘साखर विरघळेपर्यंत ढवळा’ लिहिलंय म्हणून तेवढंच करून थांबत होते. साखर विरघळणं आणि पाक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात सांगावं लागत नाही.

हिशोब मांडून बघा. एक कप ब्राऊन शुगर म्हणजे दाबून भरली तर साधारण २०० ग्रॅम. त्यात एक कप अननसाचा रस घातला तर मिश्रणात निम्म्याच्या आसपास पाणीच आहे. एकतारी पाकात साखर तीन भाग आणि पाणी एक भाग असं काहीसं प्रमाण लागतं. म्हणजे त्या रसातलं बरंचसं पाणी आटवायला हवं, आणि ते मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. आपण आटवलं नाही तर ते काम ओव्हनवर पडतं, आणि ओव्हनमध्ये पाणी आटायच्या आत पाक उतारावरून खाली गेलेला असतो. याउलट त्याच २०० ग्रॅम साखरेत पाव कपच, म्हणजे ६० मिली पातळ पदार्थ घातला तर मिश्रण सुरुवातीपासूनच एकतारीच्या जवळ असतं. दोन उकळ्या आल्या की झालं.

मला जमलेलं साधं प्रमाण, साधारण सात-आठ पौंडांच्या हॅमसाठी: एक कप ब्राऊन शुगर, पाव कप ॲपल सायडर व्हिनेगर, दोन मोठे चमचे डिजॉन मस्टर्ड, पाव चमचा लवंगेची पूड, थोडी मिरी. मीठ अजिबात नाही. जाड बुडाच्या पातेल्यात साखर आणि व्हिनेगर मंद आचेवर ठेवायचं, साखर पूर्ण विरघळू द्यायची, मग आच वाढवून चार-पाच मिनिटं उकळायचं, शेवटी मस्टर्ड आणि मसाला घालून ढवळायचं. व्हिनेगरचा वास उकळताना नाकात जातो, खिडकी उघडी ठेवा. आंबटपणा शेवटी फारसा जाणवत नाही, पण तो नसेल तर ग्लेझ नुसताच गोड, एकसुरी लागतो.

मस्टर्ड फक्त चवीसाठी नाही. मोहरीच्या सालीत बुळबुळीत, दाटपणा आणणारा अंश असतो. त्यानं पाकाला अंग येतं आणि तो चरबीवर बसायला राजी होतो. एकदा मस्टर्ड संपलं होतं म्हणून वगळून पाहिलं, लेप स्पष्टपणे पातळ बसला.

मस्टर्ड पडल्यावर बोटांत तार नीट दिसत नाही. त्यासाठी बशी वापरा. एक बशी आधीच फ्रीजरमध्ये ठेवायची. तिच्यावर अर्धा चमचा ग्लेझ टाकून मिनिटभर थांबायचं, मग बशी उभी धरायची. थेंब पाण्यासारखा धावला तर कच्चा. सावकाश, जड होऊन सरकला आणि मागे जाड माग राहिला तर बरोबर. हललाच नाही तर जास्त झाला, चमचाभर व्हिनेगर किंवा हॅमचा काढून ठेवलेला रस घालून पुन्हा गरम करा. पातेल्यातला गरम ग्लेझ बघून ठरवू नका. गरमपणी प्रत्येक पाक पातळच दिसतो.

लावायचा तोही थोडा थोडा. पहिला हात अगदी पातळ, खाचांत घालून. आठ-दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. पहिला थर चिकट होऊन बसतो आणि दुसऱ्याला धरतो. मी पूर्वी सगळं भांडं एकदम ओतत असे, तेवढं वजन कुठलाच उतार धरणार नाही.

जळतो तेव्हा

ग्लेझ फार लवकर लावला की जळतो, यापलीकडे बहुतेक वेळा कारण नसतं. हॅम गरम व्हायला ३२५ फॅरनहाइटवर अर्ध्या हॅमला पौंडामागे १८ ते २४ मिनिटं लागतात. म्हणजे सात पौंडांना दोन ते पावणेतीन तास. एवढा वेळ साखर ओव्हनमध्ये टिकणार नाही. तिची वेळ शेवटची पंचवीस-तीस मिनिटं, बस. पाकीटबंद, पूर्ण शिजलेला हॅम आत १४० फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सिअस झाला की तयार, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. कच्चा, ‘कुक बिफोर ईटिंग’ लिहिलेला असेल तर १४५ आणि वर तीन मिनिटं विश्रांती. म्हणून १२० ला ग्लेझ सुरू करायचा, तो चढेपर्यंत १४० होतात. थर्मामीटर नसेल तर आधी तोच घ्या. त्याचं टोक हाडाला टेकवू नका, आकडा चुकीचा येतो.

पण साखर-साखरेतही फरक आहे. मधात फ्रुक्टोज, म्हणजे फळसाखर, भरपूर असतं आणि ते साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला तपकिरी व्हायला लागतं. म्हणून मधाचा ग्लेझ चांगला दिसतो दिसतो म्हणेपर्यंत काळा पडतो. मध आवडत असेल तर पहिले दोन हात ब्राऊन शुगरचे द्या आणि मध फक्त शेवटच्या हातात, दहा मिनिटं राहिली असताना. मेपल सिरप मुख्यतः साधीच साखर आहे, ते जास्त सोशिक. मात्र त्यात तिसरा हिस्सा पाणी असतं, म्हणून आटवून घ्या.

इंडियन स्टोअरमध्ये कोल्हापुरी गूळ मिळाल्यावर मी तोही वापरून पाहिला, आणि आता घरी तोच सगळ्यांना हवा असतो. लवंग, मिरी आणि गूळ यांचं एकमेकांशी जुनं नातं आहे, ते हॅमवरही लपत नाही. तीन गोष्टी सांभाळा. गूळ किसून व्हिनेगरमध्ये विरघळवल्यावर गाळून घ्या, तळाशी बारीक कचकच असते. गुळात पाण्याचा आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटलेल्या साखरेचा अंश असतो, त्यामुळे तो पटकन रंग धरतो, ओव्हन ४०० ऐवजी ३७५ वर ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचं, गुळाचा ग्लेझ सुरुवातीपासूनच गडद असतो, म्हणून रंग बघून ‘झाला’ हे कळत नाही. बुडबुड्यांकडे बघा. आधी ते मोठे, फुटणारे असतात, मग बारीक आणि संथ होतात. वास कॅरमेलचा गोड येत असतो तोवर ठीक. त्यात कडवट, नाकाला टोचणारी छटा आली की त्याच मिनिटाला बाहेर काढा.

शेवटी रंग यावा म्हणून ब्रॉयलर, म्हणजे ओव्हनची वरून येणारी कडक आच, लावणार असाल तर दारापाशी उभं राहा. मी दोन मिनिटांसाठी कोशिंबिरीकडे वळले होते, तेवढ्यात एक बाजू कोळसा झाली.

रवाळ झाला तर

पांढरट, दाताखाली कचकचणारा ग्लेझ म्हणजे पाकाची पुन्हा साखर झाली. बालुशाहीवर आपल्याला नेमकं तेच हवं असतं, इथे नको असतं. आंबट हा त्यावर उपाय. पाकात लिंबू पिळतो त्याच कारणानं इथे व्हिनेगर, कारण आम्ल साखर थोडी फोडतं आणि मग तिचे खडे जमायला अडथळा येतो. कडेला चिकटलेले दाणे उकळत्या पाकात खरवडून ढकलू नका, आणि तयार पाक सतत घोटू नका.

स्पायरल हॅम

आयत्या चकत्या पाडलेला हॅम घेतला असेल तर ग्लेझ चकत्यांच्या फटीत शिरून तळाशी जातो. या चकत्या पाडणारं यंत्र डेट्रॉईटच्या हॅरी होन्सेलार यांनी काढलं आणि १९५७ साली तिथेच हनीबेक्ड हॅमचं पहिलं दुकान उघडलं. त्या दुकानांतल्या हॅमवरचं कुरकुरीत कवच ओव्हनमध्ये नाही, ज्योतीनं साखर वितळवून बसवतात, त्यामुळे घरी ओव्हनमध्ये हुबेहूब तेच यावं म्हणून झटू नका. घरी हॅम कापलेल्या बाजूवर उभा ठेवा, फॉइल घट्ट लावा, ओव्हन कमी ठेवा आणि ग्लेझ नेहमीपेक्षा जरा जास्त दाट करा. फटीत मुद्दाम घालू नका, बाहेरच्या चरबीवरच लावा.

अननस

गोल चकत्या आणि मधोमध चेरी, हे सासूबाईंना हवंच असतं. डब्यातला अननस घ्या. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं, मांसातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, त्यानं खालचं मांस पिठूळ, लिबलिबीत होऊ शकतं. डब्यातला उष्णता दिलेला असल्यानं ते निकामी झालेलं असतं. पण डब्यातल्या चकत्या रसात भिजलेल्या असतात, म्हणून त्याही टिपून घ्या आणि पहिला हात बसल्यावरच टूथपिकनं टोचा. आधी टोचल्या तर प्रत्येक चकतीखाली ओलं, फिकं वर्तुळ राहतं.

इंग्लंडमध्ये गॅमन, म्हणजे मुरवलेली पण कच्ची डुकराची मांडी, आधी उकडून मग भाजायची पद्धत आहे. तिथे अंग आणखी ओलं असतं, उकडल्यावर निदान वीस मिनिटं जाळीवर निथळू द्या. आपल्याकडे मुंबई-वसईत नाताळासाठी आणलेला छोटा, बिनहाडाचा, दाबून गोल केलेला हॅम असेल तर त्यावर चरबीचा थर नसतोच. तिथे सुरीनं अगदी हलके ओरखडे काढा, पहिला हात नुसत्या मस्टर्डचा द्या, तो सुकला की मग गोड पाक.

ग्लेझ नीट बसला तरी कापल्यावर प्रत्येक तुकड्याला त्याची एक बारीक रेघच मिळते. म्हणून थोडा ग्लेझ, ब्रश बुडवायच्या आधीच, वेगळा काढून ठेवा आणि ट्रेमधून काढलेला रस त्यात चमच्या-चमच्यानं, चव बघत मिसळा. तो रस खारट असतो. वाटीत गरम गरम वाढला की बटाट्यावरही घेतात.

ट्रेला आधीच जाड फॉइल लावा, आणि ग्लेझ सुरू करताना तळाशी पाव इंच पाणी ठेवा. त्याहून जास्त नको, नाहीतर पुन्हा वाफ. पाणी आटत आलं की गरम पाणीच घाला. एवढं करूनही थर जळून बसला तर घासत बसू नका. ट्रे चुलीवर ठेवून त्यात पाणी उकळवा, आच बंद करून अर्धा तास तसाच राहू द्या. साखर जशी चढली तशी पाण्यातच सुटते, लाकडी उलथन्यानं कडेकडेनं ढकललं की पापुद्र्यासारखी निघून येते.